आडवा वॉल्व्ह

आपण सख्ख्या बहिणीचा जीव जाईल अशी चोख व्यवस्था करून ठेवली आहे, हे मला दुपारी एकला पाच मिनिटं कमी असताना कळलं. तेव्हा मी केळं खात होतो. अर्धं झालं होतं.

कळलं ते काकांमुळे. काका सकाळपासून केस कापायला गेले होते. त्यांच्या डोक्यावर मोजून चाळीस केस असतील, पण न्हाव्याकडे त्यांना तीन तास लागतात, कारण तिथे वर्तमानपत्र असतं आणि काका ते हरवले-सापडले सकट वाचतात. दुकानात आल्या आल्या त्यांनी विचारलं, "कसं दिसतंय?"

"काय?" मी म्हणालो.

त्यांनी तिकडे दुर्लक्ष केलं, मागच्या खिशातून अकरा नंबरचा पातळ पाना काढला आणि भिंतीवरच्या फळीवर त्याच्या खिळ्याला टांगला.

केळं घशातच थांबलं.

"काका, हा पाना कुठे होता?"

"खिशात."

"कधीपासून?"

"सकाळपासून. पाठ खाजवायला बरा पडतो. का रे, तोंड का असं केलंस?"

तोंड असं का केलं ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. फार नाही, फक्त सकाळपर्यंत.

आमचं टायरचं दुकान आहे. दुकान काकांचं, मी कामाला, आणि वर पुतण्या, त्यामुळे शिव्या दोन्ही नात्यांनी बसतात. ताई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. ती रक्तपेढीची मोटरसायकल चालवते. लांबच्या दवाखान्यातून फोन आला की रक्ताच्या पिशव्या गार पेटीत घालायच्या, पेटीला सील करायचं, मागच्या सीटवर पट्ट्यांनी आवळायची आणि निघायचं. पेटीला वेळ नेमून दिलेली असते. वेळेत पोचली तर ते रक्त, नाही तर कचरा. त्यामुळे ताई शंभरच्या खाली गाडी चालवत नाही. शंभरच्या खाली ती फक्त पार्किंग करते.

तिच्या गाडीच्या पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी ब्रेकच्या डिस्क आहेत. हवेचा वॉल्व्ह त्या दोन तव्यांच्या मधोमध, अगदी सरळ, आतल्या बाजूला तोंड करून उभा होता. पंपावरच्या हवेच्या पाइपाचं पितळी तोंड तिथे शिरत नाही. मनगट वाकडं करावं, तर तापलेल्या डिस्कवर भाजतं. आणि इतकं करून तोंड अर्धवटच बसलं, की होती ती हवाही सुस्कारा टाकून निघून जाते. ताई नेहमी थांबायची त्या पंपावरच्या हवावाल्याशी तिचं यावरून दोन वर्षं वाजत होतं. तो म्हणायचा, "गाडी बदला." ती म्हणायची, "तुझ्या पाइपाचं तोंड बदल." शेवटी तिने पुढच्या चाकात हवा भरणंच सोडलं. गेल्या महिन्यात एका वळणावर तिचं चाक सरकलं. ती सावरली, घरी आली आणि जेवताना आईला म्हणाली, "आज रस्ता जरा हलला." मी खाली जाऊन हवा मोजली. हवी त्याच्या निम्मी होती.

म्हणून मी आडवे वॉल्व्ह मागवले. हे रिममधून निघतात आणि काटकोनात बाजूला वळतात. तोंड बाहेर, समोर. डोळे मिटून हवा भरता येते. जुने काढायचे, नवे बसवायचे, वरून नट आवळायचा. नट आणि वळण यांच्यात जागा इतकी कमी, की साधा पाना जात नाही. काकांनी स्वतः घासून पातळ केलेला अकरा नंबरचा पानाच लागतो. म्हणून तो त्यांचा लाडका. पाठीपर्यंत मजल गेलेला.

सकाळी मागचं चाक आधी घेतलं. मागचा नट काकांनी स्वतः आवळला, मी त्यावर लाल रेघ मारली आणि काका न्हाव्याकडे गेले. ही लाल रेघ आमच्या दुकानाची पद्धत. नट घट्ट झाला की नटापासून रिमपर्यंत ब्रशने एक रेघ ओढायची. नट सैल होऊन फिरला, तर रेघ तुटलेली दिसते. रेघ सरळ असली, तर काम झालेलं आहे, परत हात लावायचा नाही. काका म्हणतात, आमच्या दुकानात खोटं कोण बोलत नाही तर ती रेघ.

पुढच्या चाकात वॉल्व्ह घातला, नट बोटांनी फिरवून बसवला. रंगाचा डबा उघडाच होता, ब्रश ओला होता, वाळला तर टाकून द्यावा लागतो. मी म्हटलं, रेघ मारून घेऊ, आवळू मग. मारली. पाना शोधला. मिळाला नाही. तेवढ्यात एक ट्रकवाला टायरमध्ये आख्खा दरवाजाचा कडी-कोयंडा रुतवून घेऊन आला. कोयंड्याला कुलूपही होतं. त्यात तास गेला. परत आलो, चाक बघितलं, रेघ दिसली. सरळ, लाल, सुंदर. मी हवा भरली आणि चाक गाडीला चढवलं.

बारा चाळीसला ताई पेटी घेऊन धावतच आली, चाकापाशी बसली, रेघ बघितली, माझ्या पाठीत धपाटा घालून म्हणाली, "शहाणा आहेस," आणि पेटी मागे आवळून गेली.

"नट बोटांनीच लावलेला आहे," मी काकांना सांगितलं. "पुढचा."

काका फळीवरच्या पान्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तो पुन्हा काढला आणि पुन्हा खिशात घातला. "गाडी काढ," ते म्हणाले. "नको, मी काढतो. तू फोन कर."

आमची व्हॅन साठच्या वर गायला लागते. आधी डाव्या दारातून एक बारीक सूर, सत्तरला त्यात मागचं दार सामील होतं. काकांनी ती सत्तरवर नेली आणि तिथेच धरली. मी ताईला फोन लावत होतो. चालत्या गाडीवर ती फोन उचलत नाही, तो तिच्या जाकिटाच्या आतल्या खिशात आवाज बंद करून ठेवलेला असतो. हे मला माहीत होतं. तरी अकरा वेळा लावला. मग रक्तपेढीच्या कंट्रोलरूमला लावला, कारण तिथे प्रत्येक गाडीचा ठिपका पडद्यावर दिसतो.

कंट्रोलरूमच्या बाई प्रत्येक वाक्य आधी लिहून घेतल्यासारखं बोलायच्या.

"तुमची बहीण सत्तावीस किलोमीटरवर आहे. वेग एकशे आठ."

"तिला थांबवा. पुढच्या चाकाचा वॉल्व्ह सैल आहे. नट हलला की वॉल्व्ह ब्रेकच्या कॅलिपरला लागेल. लागला की उडेल. एकशे आठवर सगळी हवा एका क्षणात जाईल."

"ती फोन उचलत नाही. चालत्या गाडीवर उचलू नये असा नियम आहे."

"मला माहीत आहे. दुसरं काही?"

"पेटीचा अलार्म इथून वाजवता येतो. पेटी वाजली की ती थांबते. सगळे थांबतात."

"मग वाजवा!"

"अलार्म वाजला की पेटी बाद होते. खरा असो वा खोटा. पिशव्या फेकून द्याव्या लागतात. पलीकडे एक बाळंतीण आहे. तिच्या रक्तगटाच्या आमच्याकडे दोनच पिशव्या होत्या. दोन्ही पेटीत आहेत."

मी काकांकडे बघितलं. काका रस्त्याकडे बघत होते. व्हॅन गात होती.

"दुसरी गाडी पाठवा ना. तिच्या पुढे जाऊन तिला अडवेल."

"दुसरी गाडी उलट दिशेला गेली आहे. वेग एकशे बारा," बाई म्हणाल्या, आणि थांबल्या. "हा तुमच्या बहिणीचा सांगितला."

"कशाला वाढवला?"

"सरळ रस्ता लागला असेल."

बोटांनी बसवलेला नट किती किलोमीटर तग धरतो, हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही, कारण शहाणी माणसं तो प्रयोग करत नाहीत. मी काकांना विचारलं. काका म्हणाले, "दोन किलोमीटरही धरेल, दोनशेही धरेल." मग गिअर बदलून म्हणाले, "सत्तावीस तर धरलेत."

"ठिपका थांबलाय," फोनमधून बाई म्हणाल्या.

माझा हात व्हॅनच्या दाराच्या मुठीवर गेला. का, ते माहीत नाही. उडी मारून मी काय पळत जाणार होतो?

"थांबलाय म्हणजे? पडली?"

"ठिपका पडत नाही. थांबतो किंवा हलतो."

"आत्ता काय करतोय?"

"थांबलाय."

काकांनी पाय दाबला. व्हॅनच्या गाण्यात एक नवीनच आवाज आला, कुणीतरी आत भांडी घासतंय असा. मी मनात वीसपर्यंत मोजलं. मग परत पहिल्यापासून मोजलं, कारण वीसच्या पुढे मोजायची हिंमत झाली नाही.

"हलला," बाई म्हणाल्या. "तिथे बोगदा आहे. बोगद्यात ठिपका थांबतो. मी हे आधी सांगायला हवं होतं."

"हो," मी म्हणालो.

"पस्तीस किलोमीटर. एकशे दहा."

मी ठरवलं. ठरवायला काही मोठं मन लागलं नाही, नुसती भीती पुरली. पलीकडच्या बाळंतिणीचं तोंड मी कधी बघितलेलं नव्हतं, आणि ताईचं बघितलेलं होतं. हे काही अभिमानाने सांगण्यासारखं नाही. "वाजवा अलार्म," मी म्हणालो. "मी जबाबदार."

"तसं तोंडी चालत नाही. मी फॉर्म पाठवते. भरून पाठवा."

फॉर्म आला. चालत्या व्हॅनमध्ये, गाणाऱ्या व्हॅनमध्ये, मी तो अंगठ्याने भरायला लागलो. नाव. नातं. त्यात 'आई, वडील, पती, पत्नी' होते, भाऊ नव्हता. मी 'वडील' केलं. अलार्मचं कारण. त्यात 'पाऊस', 'अपघात', 'जनावर' आणि 'इतर'. मी 'इतर' केलं. एक चौकोन उघडला: 'इतर कारण थोडक्यात लिहा, किमान पन्नास अक्षरं.' मी लिहिलं, 'नट सैल.' चौकोन लाल झाला. मी लिहिलं, 'पुढच्या चाकाच्या वॉल्व्हचा नट सैल आहे आणि तो मी सैल ठेवला आहे, तिला थांबवा.' चौकोन हिरवा झाला. मी पाठवलं.

"मिळाला," बाई म्हणाल्या. "वरिष्ठांच्या मंजुरीला गेला."

"वरिष्ठ कुठे आहेत?"

"जेवायला."

काकांना आयुष्यात पहिल्यांदा एक शिवी हळू आवाजात देताना मी ऐकलं. त्यांची हळू शिवी मोठ्या शिवीपेक्षा वाईट निघाली.

"मी धावत जाऊन त्यांना ताटावरून उठवते," बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचं वाक्य लिहून घेतल्यासारखं वाटलं नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. फोन तसाच चालू. मी कानाला लावून एका रिकाम्या खोलीचा पंखा ऐकत बसलो. त्या पंख्याला माझी बहीण दिसत होती आणि मला नव्हती.

दोन मिनिटांनी धापा टाकत त्या आल्या. "ते येतायत, हात धुतायत." मग एकदम, "थांबा. थांबा. ठिपका थांबलाय."

"बोगदा?"

"इथे बोगदा नाही. चव्वेचाळीस किलोमीटर. रस्त्याच्या कडेला. पेट्रोल पंप."

काका आणि मी एकाच वेळी म्हणालो, "हवावाला!"

दोन वर्षं ज्या माणसाने 'गाडी बदला' म्हणून हिणवलं, त्याला आपला नवा आडवा वॉल्व्ह दाखवल्याशिवाय ताई पुढे जाणं शक्यच नव्हतं. बाळंतीण असो, पेटी असो, एक मिनिट ती काढणारच. घरात सगळे म्हणतात, हिला हा भांडखोर स्वभाव सोडावा लागेल. त्या क्षणी मी त्या स्वभावाला दंडवत घातला.

"फॉर्म रद्द करा!" मी ओरडलो. "अलार्म नको! आता नको!"

"रद्द करायलाही फॉर्म आहे," बाई म्हणाल्या, आणि मग, "पण ते हात पुसतायत, तोवर मीच करते." दोन टिचक्या ऐकू आल्या. "केला. पंपाचा नंबर देते."

पंपावर कुणी तरी सावकाश फोन उचलला.

"तुमच्याकडे एक मोटरसायकलवाली आली आहे का?" मी विचारलं.

"आली आहे. आमच्या हवावाल्याशी भांडतीये."

"त्याला सांगा, चाकाला हात लावू नको!"

"भांडण संपलं की सांगतो. आत्ता मध्ये कसा बोलू?"

"भाऊ, आत्ताच सांगा, पाया पडतो..."

फोनमधून आधी ताईचा आवाज आला, लांबून, भयंकर खुशीत: "घाल आता! घाल ना! डोळे मिटून घाल!" मग पितळी तोंड खटकन बसल्याचा आवाज. आणि मग एक लांबलचक हिस्स.

मी वाट बघत राहिलो. कुणीतरी फोन हातात घेतला.

"शहाण्या," ताई म्हणाली.

"ताई."

"वॉल्व्ह फिरला. याने पाइप लावला आणि तो त्याच्या हातात गोल फिरला. आख्खा."

"नट सैल होता."

"रेघ होती. मी बघून निघाले. रेघ सरळ होती."

काकांनी मान वळवून फोनच्या दिशेने मोठ्याने सांगितलं, "पोरी, पाना माझ्या खिशात होता! चूक माझी आहे!"

ते म्हणू देता आलं असतं. खोटंही नव्हतं. पण ती रेघेवर विसंबून एकशे बाराने गेली होती, काकांच्या खिशावर नाही. "ताई," मी म्हणालो, "रेघ मी आधी मारली. नट न आवळता. ब्रश वाळत होता म्हणून."

पलीकडे एक ट्रक गेला.

"किती वेळात येताय?"

"अर्धा तास."

"पेटीला बरोबर एक तास उरलाय. इथून दवाखाना पंचवीस मिनिटं. म्हणजे तुला पाच मिनिटं मिळतील."

"पंपावर दुसरी गाडी नाही का? कुणाची?"

"आहे. रस्त्याचा रोलर आहे. डिझेल भरायला आलाय." तिने फोन ठेवला.

काकांनी त्या अर्ध्या तासात व्हॅनकडून जे करून घेतलं, ते तिच्या कंपनीलाही माहीत नसेल. उतारावर ती एकदा पंच्याऐंशीला गेली आणि गायची थांबली. ती शांतता मला गाण्यापेक्षा जास्त वाईट वाटली. काका मात्र म्हणाले, "बघ, तिला असंच पाहिजे होतं." मी पाना हातात घेऊन बसलो होतो. घामाने तो निसटत होता. मी तो पँटला पुसत होतो, आणि परत निसटत होता.

पंपावर ताई गाडीशेजारी उभी होती. हेल्मेट काढलेलं, हात बांधलेले, पेटी सावलीत स्टुलावर आणि पेटीवर हवावाल्याने धरलेली छत्री. हवावाला पन्नाशीचा, ताठ मिशांचा, आणि आपल्या हातून वॉल्व्ह फिरला या धक्क्यातून अजून न सावरलेला. "मी जोर लावला नव्हता," मला बघताच तो म्हणाला. "देवाशपथ. हे बघा, असा नुसता टेकवला." तो हे बहुतेक अर्धा तास रोलरवाल्याला सांगत होता.

"पाच मिनिटं," ताई म्हणाली.

मी पाना काकांपुढे धरला. काकांनी हात मागे घेतले. "तू कर."

"काका, वेळ नाही."

"म्हणूनच म्हणतो, तू कर. माझे हात बघ." त्यांनी हात पुढे केले. इतका वेळ व्हॅन धरून ते अजून थरथरत होते.

मी चाकापाशी बसलो. नटाखाली रबराचा वॉशर असतो. कमी आवळला तर वॉल्व्ह फिरतो. जास्त आवळला तर वॉशर फाटतो, मग हवा हळूहळू, गुपचूप जाते, आणि ते आणखी वाईट. बोटाने बसेल तिथून अर्धी फेरी. पाऊण नाही. डाव्या हाताने वॉल्व्ह बाजूला तोंड करून धरला, उजव्या हाताने पाना लावला. निसटला. पुन्हा लावला. "चार," ताई म्हणाली. पाना बसला, पण पुरता वळवायला जागा नव्हती, डिस्क आडवी येत होती. थोडा वळवायचा, काढायचा, पुन्हा लावायचा, थोडा वळवायचा. हाताला नट रबरात रुतल्याचं कळलं. अजून जरासं. तिथे मी थांबलो. थांबणं सगळ्यात अवघड होतं. हात म्हणत होता, अजून थोडं, बहीण आहे.

"तीन."

"हवा," मी म्हणालो.

हवावाल्याने काकांच्या हातात छत्री दिली, पाइप आणला, वॉल्व्हकडे एकदा बघितलं आणि आपल्या पाइपाच्या तोंडाकडे एकदा. मग जपून, बाळाच्या तोंडात चमचा द्यावा तसं लावलं. वॉल्व्ह हलला नाही. काटा वर चढायला लागला. सगळ्यांचे डोळे काट्यावर. रोलरवालाही येऊन उभा राहिला.

"बसतंय की हो," हवावाला अगदी हळू म्हणाला. दोन वर्षांत त्याने दिलेली ही पहिली कबुली, पण ताईकडे ती ऐकायला वेळ नव्हता.

"दोन."

हवा गळते का बघायला साबणाचं पाणी लागतं. ते व्हॅनमध्ये होतं, व्हॅन पन्नास पावलांवर. काका वाकले आणि नटावर थुंकले. अचूक. आम्ही पाचजण त्या थुंकीकडे टक लावून बघत बसलो. एक बुडबुडा आला. बुडबुडा फुटला. दुसरा आला नाही. मी चाक उचलून धरायला सांगितलं, फिरवलं, एक फेरी, दोन, तीन. वॉल्व्ह कॅलिपरजवळून गेला, दर वेळी बोटभर अंतराने, कशालाही न लागता.

"एक," ताई म्हणाली. "झालं?"

"झालं."

"घट्ट आहे?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं. पण सकाळी मी तिला रेघेतून हेच सांगितलं होतं. तिनेही बहुधा तोच हिशोब केला. ती पुढे आली आणि माझ्या चेहऱ्याकडे, नटाकडे नाही, बघत म्हणाली, "घट्ट असेल तर बस मागे."

"काय?"

"पेटी मांडीवर घे. माझ्यामागे बस."

हवावाल्याने न विचारता आपलं हेल्मेट आणून माझ्या डोक्यात दाबलं. ते त्याच्या मिशांच्या मापाचं असावं, माझ्या नाकावर आलं. काकांनी पेटी माझ्या मांडीवर ठेवली, माझे हात धरून पेटीभोवती गुंडाळले, जणू पाळण्यात ठेवतायत. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, किंवा व्हॅनचा धूर गेला असेल.

आम्ही निघालो.

मला पुढचं चाक दिसत नव्हतं. ताईच्या पाठीमागून फक्त रस्ता दिसत होता आणि तो फार घाईने आमच्याकडे येत होता. मी कान चाकाकडे लावले, पण शंभरला वारा सोडून काही ऐकू येत नाही. म्हणून मी मांड्यांनी ऐकायला लागलो. सीटमधून येणारा प्रत्येक थरकाप मी तपासून बघत होतो. हा रस्त्याचा. हा इंजिनचा. हा माझा. एकशे पाच. मी मनात तो नट पुन्हा आवळला, अर्धी फेरी, आणि मग वाटलं, अर्धी होती की त्याहून कमी? एकशे आठ. वळण आलं. ताई वाकली, गाडी वाकली, पेटी वाकली, मीही वाकलो, आणि पुढच्या चाकाने रस्ता धरून ठेवला. वळण संपलं. पुन्हा एक आलं. काट्यावर एकशे दहा होतं आणि तो तिथून खाली आला नाही. मला इतकंच वाटत होतं, की ही थोडी हळू गेली असती तर आयुष्यभर हिची भांडी घासली असती.

दवाखान्याच्या दारात एक परिचारिका उभीच होती. तिने पेटी माझ्या मांडीवरून उचलली, वरचा आकडा वाचला, घड्याळ बघितलं, म्हणाली, "तीन मिनिटं आहेत," आणि आत पळाली. दार तिच्यामागे दोनदा झुललं आणि बंद झालं.

ताई पायरीवर बसली. तिने हातमोजे काढायचा प्रयत्न केला, पण बोटं मुठीतच आखडून राहिली होती, उघडेनात. मी तिच्यासमोर बसलो आणि एक एक बोट सरळ करत मोजा ओढला. आतला हात गार होता आणि थरथरत होता. काकांच्यापेक्षा जास्त.

"तू घाबरली होतीस," मी म्हणालो.

"मग? मला काय तू दगड समजतोस? मला नऊ वेळा वाटलं, वेग कमी करावा."

"मग केला का नाहीस?"

"तू मागे होतास." तिने दुसरा हात पुढे केला. "कमी केला असता, तर तुला वाटलं असतं, हिला माझ्या नटाचा भरवसा नाही."

मी दुसरा मोजाही ओढून काढला.

"ताई," मी म्हणालो, "मी वाटभर एवढीच प्रार्थना करत होतो, की तुला भरवसा नसावा."

तिने माझ्याकडे बघितलं. मग तिच्या खांद्यांतून काहीतरी सुटलं आणि ती हसायला लागली, इतकी, की आतून कुणीतरी येऊन आम्हाला आवाज कमी करायला सांगितलं.